‘कोणीतरी संशयास्पद फिरतंय’ : ९११ चा फोन, त्याआधी आणि त्यानंतर

दिठी

मे-जून आला की अमेरिकेतल्या आपल्या घरांत आईबाबांची ये-जा सुरू होते, म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. एखादा गोरेतर माणूस रोजचं साधं काहीतरी करत असतो आणि शेजारीपाजारी पोलिसांना बोलावतात, ही या विषयाची एक बाजू. असे फोन करणाऱ्यांत आपली माणसंही असतात, ही दुसरी. दोन्हींवर नेमकं लिहा, ही विनंती. स्वतःचे अनुभव या धाग्यावर नकोत. फोन आत कसा चालतो, कुठे बिघडतो, काय बोलायचं आणि काय करायचं, एवढंच हवंय.

सुरुवात एका जुन्या घटनेने करते. ६ फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी मुलाच्या घराजवळच चालत होते. लहान नातवाला सांभाळायला हातभार म्हणून आले होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं की एक सडपातळ काळा माणूस, डोक्यावर लोकरी टोपी, इथे कधी पाहिलेला नाही, गॅरेजांकडे बघत चाललाय. पोलीस आले. गृहस्थांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ एवढं म्हणून ते मुलाच्या घराकडे बोट दाखवत राहिले. पोलिसाने त्यांचे हात मागे धरले आणि पायात पाय घालून त्यांना तोंडघशी पाडलं. मानेच्या मणक्याला मार बसला, हातापायांतली शक्ती गेली. पोलिसावर केंद्रीय न्यायालयात दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा २०२१ मध्ये मिटला, साडेसतरा लाख डॉलरवर.

आता तो फोन परत वाचा. माणूस चालत होता, थंडीत टोपी घातली होती, आजूबाजूला बघत होता आणि फोन करणाऱ्याला अनोळखी होता. यात गुन्हा कुठला? तरीही गस्तीची गाडी निघाली. ती कशामुळे निघते, हे जाणकारांनी सांगावं.

खडूफळा

९११ ला, म्हणजे अमेरिकेतल्या तातडीच्या नंबरला, फोन लागल्यावर काय होतं ते टप्प्याटप्प्याने लिहितो. बहुतेक लोकांना वाटतं आपण पोलिसांशी बोलतोय. तसं नसतं.

पहिला माणूस म्हणजे फोन घेणारा. तो आधी पत्ता विचारतो, मग काय चाललंय, कधी, कोण, हत्यार आहे का. ऐकता ऐकता तो संगणकात टाइप करत असतो आणि घटनेला एक प्रकार ठरवून देतो : घरफोडी, मारामारी, अतिक्रमण, ‘संशयास्पद व्यक्ती’. प्रकारानुसार तातडीचा क्रम लागतो. मोठ्या केंद्रांत दुसरा माणूस म्हणजे डिस्पॅचर, जो फोन ऐकत नाही, फक्त पडद्यावरच्या दोन-चार ओळी वाचून रेडिओवर गाडी पाठवतो. तिसरा गाडीतला पोलीस. त्याच्यापर्यंत पोचतं ते सारांशाचा सारांश.

या साखळीत सगळ्यात आधी गळते ती शंका. फोन करणारा म्हणतो, ‘कदाचित तिथेच राहत असतील’. हे ‘कदाचित’ टाइप करायला रकाना नसतो. भीती मात्र शेवटपर्यंत पोचते.

दोन फोन जवळून बघू. दोन्हींचं ध्वनिमुद्रण सार्वजनिक झालेलं आहे.

पहिला, १६ जुलै २००९, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. हार्वर्डचे काळे प्राध्यापक हेन्री लुईस गेट्स चीनहून परतले, घराचं पुढचं दार अडकलं होतं, गाडीच्या चालकाच्या मदतीने त्यांनी खांदा लावून ते उघडलं. रस्त्यावरच्या एका वयस्कर बाईंनी ते पाहिलं, त्यांच्याजवळ फोन नव्हता म्हणून जवळच काम करणाऱ्या दुसऱ्या बाईने ९११ लावलं. तिने काय सांगितलं? दोन माणसं दार ढकलत होती. त्यांच्याजवळ सुटकेस आहेत. ते तिथेच राहत असतील आणि किल्लीची अडचण असेल, मला माहीत नाही. वंशाचा उल्लेख तिने आपणहून केला नाही. गोरे, काळे की हिस्पॅनिक, असं फोन घेणाऱ्याने विचारल्यावर म्हणाली की एक जण हिस्पॅनिक वाटला, पण नक्की नाही, दुसरा दिसलाच नाही. रेडिओवर गेलं ते ‘घरफोडी चालू असण्याची शक्यता’. आणि पोलीस अहवालात ती दोन माणसं ‘पाठीवर सॅक घेतलेले दोन काळे पुरुष’ झाली. सुटकेस घेऊन माणूस प्रवासातून घरी येतो. सुटकेसच्या जागी सॅक आली की चित्रच पालटतं. गेट्सना त्यांच्याच ओसरीवर बेड्या पडल्या. पाच दिवसांनी आरोप मागे घेतला.

दुसरा, २२ नोव्हेंबर २०१४, क्लीव्हलंड. बागेत एक काळा मुलगा खेळण्यातलं पिस्तूल हाताळत होता. फोन करणाऱ्याने दोनदा सांगितलं की ते बहुधा खोटं असेल, आणि तो बहुधा अल्पवयीन असेल. फोन घेणाऱ्या व्यक्तीने या दोन्ही गोष्टी पुढे कळवल्या नाहीत. गाडीतल्या पोलिसांना मिळालं ते एवढंच की पिस्तूल घेतलेला पुरुष, लोकांवर रोखतोय, सर्वांत तातडीचं. गाडी थेट गवतावर त्याच्यासमोर गेली आणि दोन सेकंदांच्या आत गोळ्या सुटल्या. टामिर राइस १२ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी गेला. फोन घेणाऱ्या व्यक्तीला आठ दिवसांचं निलंबन झालं.

त्या दिवशी फोन करणाऱ्याने सांभाळून माहिती दिली होती, तरी हे झालं. म्हणून माझं म्हणणं असं की ‘फक्त कळवून ठेवतो, पुढचं पोलीस बघतील’ हा विचारच चुकीच्या माहितीवर उभा आहे. फोन ठेवल्यावर तुमचे शब्द तुमच्या हातात राहत नाहीत.

शेवगा

खडूफळा, ‘संशयास्पद व्यक्ती’ या प्रकारात फोन घेणारा उलट प्रश्न विचारू शकत नाही का? की सगळे फोन पुढे ढकलायचे असा नियम असतो?

खडूफळा

विचारू शकतो. २०१८ नंतर काही शहरांत तसं प्रशिक्षणही देतात : ‘तो नेमकं काय करतोय?’, ‘कशावरून तुम्हाला हा गुन्हा वाटतो?’ उत्तरात कृती आली नाही तर फोनची नोंद ठेवायची, गाडी पाठवायची नाही. पण बऱ्याच ठिकाणी अजून ‘मागितलं की पाठवा’ हाच शिरस्ता आहे. गाडी नाही पाठवली आणि नंतर काही घडलं, तर खुलासा फोन घेणाऱ्यालाच द्यावा लागतो. पाठवल्याबद्दल सहसा कोणी जाब विचारत नाही. सगळी रचना एका बाजूला कलती आहे, म्हणून चाळणी फोन करणाऱ्याने स्वतः लावायला हवी.

रानवाट

कायद्याची बाजू मांडते. हा सर्वसाधारण चौकटीचा भाग आहे, प्रत्यक्ष प्रकरणात स्थानिक वकील गाठा.

रस्त्यात अडवून ठेवण्यासाठी पोलिसाला ‘वाजवी संशय’ लागतो. हा निकष १९६८ च्या टेरी विरुद्ध ओहायो या निकालातला. नुसती हुरहुर पुरत नाही, बोट ठेवून दाखवता येतील अशा गोष्टी लागतात. मग प्रश्न येतो की कोणीतरी फोन केला हीच गोष्ट पुरते का?

यावर दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. फ्लोरिडा विरुद्ध जे. एल., २००० : निनावी फोन आला की बस थांब्यावर चौकडीचा शर्ट घातलेला काळा तरुण उभा आहे, त्याच्याजवळ पिस्तूल आहे. पोलीस गेले, शर्ट जुळला, झडती घेतली, पिस्तूल सापडलं. तरीही सर्वोच्च न्यायालयाने एकमताने झडती बेकायदा ठरवली. फोनमधलं वर्णन जुळलं म्हणून फोनमधला आरोप खरा ठरत नाही. शर्टाचा रंग कोणीही पाहू शकतो. दुसरा नावारेटे विरुद्ध कॅलिफोर्निया, २०१४ : अमुक ट्रकने आत्ताच माझी गाडी रस्त्याबाहेर ढकलली, असा फोन. इथे अडवणं ग्राह्य धरलं गेलं, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. एक मोठं कारण असं की फोन करणारीने स्वतः पाहिलेली, नुकतीच घडलेली, ठोस कृती सांगितली होती.

म्हणजे न्यायालयंसुद्धा हेच विचारतात की काय केलं. ‘कोण दिसला’ याला वजन कमी.

दुकान, कॅफे, हॉटेल इथे मात्र गोष्ट वेगळी. १२ एप्रिल २०१८ ला फिलाडेल्फियाच्या स्टारबक्समध्ये दोन काळे तरुण कामाच्या भेटीसाठी तिसऱ्या माणसाची वाट बघत बसले होते. ते आल्यानंतर दोनच मिनिटांत व्यवस्थापिकेने ९११ लावलं : काही विकत घेत नाहीत आणि जातही नाहीत. दोघांना बेड्या घालून नेलं. कंपनीने नंतर माफी मागितली, २९ मे ला देशभरातली सुमारे ८,००० दुकानं प्रशिक्षणासाठी दुपारनंतर बंद ठेवली. पण लक्षात घ्या, खासगी जागेच्या मालकाने ‘निघा’ म्हटलं आणि तुम्ही थांबलात, तर ते अतिक्रमण होऊ शकतं. अशा वेळी जागेवर वाद घालून जिंकता येत नाही. बाहेर या, वेळ लिहा, पावती असेल तर जपून ठेवा, इतर गिऱ्हाइकांना बसू दिलं होतं का ते टिपा. कॅफे-हॉटेलात वंश पाहून सेवा नाकारणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध आहे, आणि ती लढाई नंतर लढता येते.

ओळखपत्राचं : पायी चालणाऱ्या माणसाला कारणाशिवाय ओळखपत्र मागून अडवता येत नाही. मात्र वाजवी संशयावर थांबवलं असेल तर अनेक राज्यांत नाव सांगणं बंधनकारक आहे. आपल्या लोकांसाठी वेगळा मुद्दा : १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने सक्तीचं आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड, व्हिसावर आलेल्या आईबाबांनी आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, छापील प्रत. ती सीबीपी या सीमाशुल्क आणि सीमारक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून पासपोर्ट क्रमांक टाकून काढता येते. विमानतळावर आता सहसा कागद देत नाहीत, त्यामुळे अनेकांना हा कागद असतो हेच माहीत नसतं.

पिंपळपान

आईबाबांसाठीच्या गोष्टी मी घेते. पुस्तकातले हक्क त्यांना पाठ करून घेण्यात अर्थ नाही. शरीराच्या सवयी आधी बदलाव्या लागतात, आणि त्या बदलणं अवघड, कारण आपल्याकडे ज्या वागण्याला नम्रपणा म्हणतात तेच इथे धोक्याचं दिसतं.

आपल्याकडे पोलिसाने हाक मारली की माणूस पुढे होतो, जवळ जातो, खिशात हात घालून कागद काढतो. इथे पोलिसाची नजर हातांवर असते. खिशाकडे गेलेला हात म्हणजे हत्याराकडे गेलेला हात, असं त्याला शिकवलेलं असतं. म्हणून : जिथे असाल तिथे थांबायचं. हात कमरेच्या वर, तळवे उघडे. जवळ जायचं नाही, पाठ फिरवून घराकडे चालायला लागायचं नाही. मॅडिसनमधले गृहस्थ घर दाखवत होते. ते दाखवणं पोलिसाला कळलं नाही.

बायकांनी पदराआड किंवा शालीत हात घ्यायचे नाहीत. थंडीत शालीआड हात घेणं इतकं सवयीचं असतं की सांगावंच लागतं. हातमोजे घेऊन द्या.

गाडीत असाल तर उतरायचं नाही. भारतात गाडी बाजूला घेऊन, उतरून, कागद घेऊन हवालदाराकडे जायची पद्धत आहे. इथे दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की पोलीस हत्याराला हात घालू शकतो. गाडी उजवीकडे थांबवा, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, खिडकी खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागे बसलेल्यांचे हात पुढच्या सीटच्या पाठीवर. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील तर ‘कप्प्यातून काढतो’ हे आधी बोलायचं, ‘ओके’ ऐकायचं, मगच हात हलवायचा. पोलिसाने स्वतः उतरायला सांगितलं तर उतरावं लागतं.

भाषा : ‘नो इंग्लिश. मराठी. इंटरप्रिटर प्लीज.’ एवढे शब्द, याच क्रमाने, दहा वेळा म्हणवून घ्या. नुसतं ‘इंडिया’ म्हटलं तर समोरचा दुभाषा कुठल्या भाषेचा मागवेल? आईबाबांना स्वतः ९११ करायची वेळ आली तरी हेच : आधी भाषेचं नाव, मग पत्ता, आणि फोन ठेवायचा नाही. बऱ्याच केंद्रांत फोनवरच्या दुभाष्याची सोय असते, पण तो जोडायला वेळ लागतो. त्या शांततेत घाबरून लोक फोन ठेवतात. ठेवलेल्या फोनवर केंद्र परत फोन करतं, उचलला नाही तर घरी गाडी पाठवू शकतं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट शेवटी : आल्या आल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांना घेऊन गल्लीभर फिरा. डावी-उजवीकडची चार घरं, समोरची चार, कोपऱ्यावरचं एक. नाव सांगा, ‘हे सहा महिने आहेत, सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला चालतात’ हे सांगा. अनोळखी माणसाबद्दल फोन होतो, ओळखीच्या माणसाबद्दल सहसा होत नाही.

कोकणकडा

पिंपळपान यांचा प्रतिसाद पटला, पण शेवटचा मुद्दा मनाला लागला. स्वतःच्या मुलाच्या गल्लीत चालायला शेजाऱ्यांकडून जणू परवानगी घ्यायची? ज्या काळ्या कुटुंबाच्या तीन पिढ्या त्या शहरात गेल्या, त्यांनी काय दर वर्षी दारोदार ओळख परेड करायची? ओझं सगळं चालणाऱ्यावरच का?

पिंपळपान

बरोबर आहे, ओझं त्यांच्यावर नसायला हवं. जोवर फोन करणारे बदलत नाहीत तोवर आजोबा धडधाकट घरी परत यावेत, एवढ्यासाठी ते लिहिलं. फोन करणाऱ्यांचं कोणीतरी लिहा.

उत्तररात्र

लिहितो. आपल्या लोकांच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर आणि नेक्स्टडोअर या शेजाऱ्यांच्या अॅपवर काय चालतं ते सर्वांना दिसतं. दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र टाकायचं आणि खाली ‘हा कोण? सावध राहा’. चित्रातला माणूस बहुतेक वेळा काळा किंवा हिस्पॅनिक असतो. आपण स्वतः गोरे नाही म्हणून आपल्याकडून हे होत नाही, असं समजू नये.

आधी हे बघा की दारावर येणारी माणसं असतात कोण. अॅमेझॉन फ्लेक्स आणि डोअरडॅशची, म्हणजे पार्सल आणि जेवण पोचवणारी, माणसं स्वतःच्या खासगी गाडीने येतात, गणवेश नसतो. गाडी हळू चालवतात कारण घरांचे क्रमांक अंधारात दिसत नाहीत. परत वळून येतात कारण घर मागे राहिलेलं असतं. उंबऱ्याचा फोटो काढतात कारण पोचवल्याचा पुरावा द्यावा लागतो. रात्री नऊ-दहापर्यंत चालतं. ‘हळू फिरणारी अनोळखी गाडी, माणूस उतरला, दाराचा फोटो काढला आणि पळाला’ ही तक्रार म्हणजे एक पोचवलेलं पार्सल आहे. गारपीट झाली की विम्याचे लोक छपरांकडे बघत फिरतात. घर विकायला निघालं की मूल्यांकन करणारा चहूबाजूंनी फोटो काढतो. निवडणुकीच्या वर्षात ऑगस्टपासून प्रचारक येतात, हातात फोन, प्रत्येक दाराशी थांबून काहीतरी टिपतात. २०१८ मध्ये ओरेगनच्या प्रतिनिधीगृहाच्या सदस्य जनेल बायनम स्वतःच्याच मतदारसंघात असा प्रचार करत होत्या, त्यांच्यावरही कोणीतरी पोलीस बोलावले.

आता कळवायचं कसं. नेक्स्टडोअरने २०१६ मध्ये ओकलंडच्या रहिवाशांच्या तक्रारीनंतर आपला अर्ज बदलला : वंश लिहिला तर कपडे, केस, बूट यांपैकी किमान दोन तपशील दिल्याशिवाय पोस्ट पुढे जाणार नाही, असं केलं. हीच रीत स्वतःला लावून घ्या.

वाईट : ‘काळा माणूस, हुडी, घरांकडे बघत चाललाय, सावध राहा.’ यावरून पोलिसाला कोण सापडेल? त्या भागात हुडी घातलेला कुठलाही काळा माणूस.

चांगलं : ‘रात्री सव्वादोन. एक माणूस रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांची दारं ओढून पाहतोय. तीन पाहिली, चौथी उघडली, आत वाकलाय. निळं जॅकेट, पांढऱ्या तळव्याचे बूट, लाल पट्ट्याची पाठपिशवी. पूर्वेकडे, पायी.’ क्रिया पहिल्या ओळीत. वेळ आणि दिशा नक्की. कपडे वरून खाली. वंश फोन घेणारा विचारेल तेव्हा, आणि खरोखर दिसला असेल तरच. ‘नीट दिसलं नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाज मागितला तरी देऊ नका, गेट्स प्रकरणात काय झालं ते वर आलंच आहे.

फोन हातात घेण्याआधी एकच गोष्ट करून बघा : माणसाचं वर्णन पूर्ण वगळून वाक्य मोठ्याने म्हणा. ‘कोणीतरी बाकावर बसलंय.’ ‘कोणीतरी बागेत कोळशावर मांस भाजतंय.’ ‘कोणीतरी कुत्र्याला बांधा म्हणतंय.’ वर्णन काढल्यावर तक्रारीत काही उरलं नाही, तर फोन ठेवा. ओकलंडच्या मेरिट तलावावर एप्रिल २०१८ मध्ये कोळशाच्या शेगडीवरूनच पोलीस बोलावले गेले. तिथे कोळसा चालतो की नाही हा उद्यान खात्याचा प्रश्न होता, ३११ या शहराच्या बिगरतातडीच्या नंबरचा.

शेवगा

पण खरंच काही घडत असेल तर? घरात एकटं वयस्कर माणूस आहे, मागच्या दाराशी कोणीतरी आहे. तेव्हा वाक्यं तपासत बसायचं?

उत्तररात्र

तेव्हा लगेच ९११. मागच्या फाटकातून आत येणं, खिडकीची जाळी काढणं, काच फोडणं, हातात हत्यार, किंकाळी, आग, बेशुद्ध माणूस यांवर क्षणभरही थांबू नका. या सगळ्या क्रिया आहेत, वर्णनाशिवायही तक्रार उभी राहते. माझ्या म्हणण्याचा रोख रस्त्यावरून, पदपथावरून, बागेतून जाणाऱ्या माणसावर होणाऱ्या फोनवर आहे.

बाकी गोष्टींसाठी नंबर वेगळे आहेत. ३११ किंवा शहराचा बिगरतातडीचा दहा आकडी नंबर : आवाज, पार्किंग, कचरा. ९८८ (जुलै २०२२ पासून) : कोणी मानसिक संकटात असेल तर. डेन्व्हरमध्ये जून २०२० पासून स्टार नावाचं पथक आहे, त्यात पोलिसांऐवजी मानसिक आरोग्याचा जाणकार आणि वैद्यकीय मदतनीस व्हॅन घेऊन जातात. आपल्या शहरात असं काही आहे का ते आज शोधा आणि नंबर फ्रीजवर लावा. घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी ९११ सोडून काही आठवत नाही.

जास्वंद_लंडन

ब्रिटनचं थोडक्यात, इथे राहणाऱ्या आणि हा धागा वाचणाऱ्या मराठी मुलांना उपयोगी. इथे तातडीला ९९९, एरवी १०१. रस्त्यात झडती घेताना पोलिसाने आपलं नाव आणि ठाणं, झडतीचं कारण, काय शोधतोय ते, आणि कुठल्या कायद्याखाली हे सांगायला हवं. साध्या वेशात असेल तर ओळखपत्र दाखवायला हवं. नुसत्या झडतीसाठी तुम्ही नाव-पत्ता देणं बंधनकारक नाही. झडतीच्या नोंदीची प्रत तीन महिन्यांपर्यंत मागता येते. ती मागाच. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय यावरच पुढची तक्रार उभी राहते.

माळरान

महाराष्ट्रात बसून वाचतोय. हा धागा अमेरिकेचा आहे हे मान्य, तरी एक जोड द्यायला हवी, कारण ‘अनोळखी म्हणजे चोर’ हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच संशयित ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या. पण आजही घरफोडी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. आधी काही दिवस व्हॉट्सअॅपवर अफवा फिरत होत्या. त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली.

उत्तररात्र यांची कसोटी इथे जशीच्या तशी लागते. ‘गावात पाच अनोळखी माणसं आली आहेत, बोली वेगळी, वेश वेगळा.’ यात क्रिया एकच, आली आहेत. बाजाराच्या दिवशी गावात माणसं येणारच. आपल्याकडे शंका आलीच तर ११२ ला किंवा पोलीस पाटलांना सांगा, पण त्यांनाही क्रिया सांगा. आणि संदेश गटावर टाकू नका. कोणाला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी माहिती पोलिसांना दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

कोकणकडा

धन्यवाद माळरान. अमेरिकेत खोट्या फोनवर असा कायदा आहे का? सेंट्रल पार्कच्या प्रकरणानंतर काहीतरी झाल्याचं आठवतं.

रानवाट

झालं, पण हात आखडता ठेवून. मे २०२० मध्ये सेंट्रल पार्कच्या रॅम्बल भागात एका काळ्या पक्षिनिरीक्षकाने एका बाईंना त्यांच्या कुत्र्याला पट्ट्याने बांधायला सांगितलं. तिथे तसा नियमच आहे. बाईंनी ९११ ला काळा माणूस जिवावर उठल्याचं सांगितलं. त्यांच्यावर खोटी खबर दिल्याचा आरोप लागला, समुपदेशनाची पाच सत्रं केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला.

ओरेगनने त्याआधीच, २०१९ मध्ये, वंशावरून केलेल्या अशा फोनसाठी फोन करणाऱ्यावर लघुवाद न्यायालयात २५० डॉलरपर्यंत दावा लावायची सोय केली. त्यामागे वर उल्लेख आलेल्या बायनमच होत्या. न्यूयॉर्क राज्याने जून २०२० मध्ये दिवाणी दाव्याचा हक्क दिला. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, किमान १,००० डॉलर भरपाई. अडचण सगळीकडे एकच : फोन करणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. ‘मला भीती वाटली’ एवढ्या उत्तरावर बरेच दावे अडतात.

म्हणून पुरावा पहिल्या आठवड्यात गोळा करा. शहराच्या माहिती अधिकार विभागाकडे लेखी अर्ज करून चार गोष्टी मागा आणि ‘नष्ट करू नका’ असं स्पष्ट लिहा : ९११ च्या फोनचं ध्वनिमुद्रण, संगणकातली वेळेसकट नोंद, रेडिओवरचं बोलणं, पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण. ध्वनिमुद्रण काही ठिकाणी थोडे महिनेच ठेवतात. चारही समोरासमोर ठेवली की खडूफळा म्हणतात ती गळती नेमकी कुठे झाली ते दिसतं : फोनमध्येच खोट होती की टाइप करताना झाली की पोलिसाने भर घातली. दावा कोणावर लावायचा ते यावर ठरतं. शहरावर लावायचा असेल तर मुदती फार आखूड आहेत. न्यूयॉर्कमध्ये नोटीस ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात इजेसाठी सहा महिन्यांत. नागरिकत्व नसलं तरी हा हक्क आहे. आईबाबा भारतात परतायच्या आधी त्यांचं म्हणणं मराठीत, त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून घेऊन सही करून ठेवा. भाषांतर नंतर होतं.

दिठी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबांसाठी एक कार्ड करतेय, इंग्रजी मजकूर असा धरलाय : नाव, ‘मी मराठी बोलतो, इंग्रजी येत नाही, कृपया दुभाषा बोलवा’, मुलाचं किंवा मुलीचं नाव, घराचा पत्ता, दोन फोन नंबर. ऐकायला कमी येत असेल तर तेही, मोठ्या अक्षरात सगळ्यात वर. आजार आणि औषधं मागच्या बाजूला. खिशात ठेवू की पाकिटात?

पिंपळपान

दोन्हीकडे नको. गळ्यात, दोरीने, कपड्यांच्या बाहेर, पारदर्शक पाकिटात. हात कुठेही न घालता समोरच्याला वाचता आलं पाहिजे. दोरी ओढल्यावर सुटणारी घ्या. आणि नंबर असा द्या की जो कामाच्या वेळेतही उचलला जाईल. मुलगा बैठकीत आणि फोन बंद, असं व्हायला नको. ऐकायला कमी येतं ही ओळ वर घेतलीत ते फार बरं केलंत, पाठीमागून आलेला हुकूम ऐकू न आल्यानेही माणूस ‘ऐकत नाही’ असा ठरतो.